घाटघर : नाणेघाटाच्या माथ्यावरील एका वस्तीचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, जुन्नर शहरापासून पश्चिमेस सुमारे ३० किलोमीटरांवर, सह्याद्रीच्या ऐन धारेलगत घाटघर नावाचे एक लहानसे गाव आहे. नाणेघाटाचा माथा आणि जीवधन किल्ला ही दोन्ही इतिहासप्रसिद्ध स्थळे या गावाच्या परिसरात मोडतात. अकोले तालुक्यात याच नावाचे दुसरे एक गाव असून तेही सह्याद्रीच्या कड्यावरच वसलेले आहे. एकाच नावाची दोन गावे अशा एकसारख्या जागी आढळावीत, हा केवळ योगायोग नव्हे. घाटाच्या तोंडाशी असलेले घर, घाट चढून आलेल्या वाटसरूचा पहिला निवारा, असाच या नावाचा सरळ अर्थ दिसतो. गावाच्या नावातच त्याच्या जन्माचे प्रयोजन सांगितलेले आहे.

आज घाटघरचा उल्लेख बहुधा 'दुर्गम आदिवासी गाव' असा केला जातो. गावाची सध्याची स्थिती पाहता हे वर्णन चुकीचे म्हणता येणार नाही. परंतु हे दुर्गमत्व निसर्गदत्त आहे, गाव मुळापासून जगापासून तुटलेले होते, अशी जी समजूत या शब्दामागे असते, ती मात्र पुराव्याला धरून नाही. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून दख्खनच्या पठारावर येणारा एक प्राचीन राजमार्ग या गावाच्या दारावरून जात होता. घाटघर दुर्गम नव्हते. ते दुर्गम झाले. हा बदल कसा व केव्हा घडला याचा मागोवा घेतल्यास डोंगरी वस्त्यांच्या इतिहासाकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी मिळू शकते.

भूमी आणि पाणी

जुन्नरहून पश्चिमेकडे निघाले म्हणजे कुकडी नदीचे खोरे हळूहळू अरुंद होत जाते. चावंडचा किल्ला मागे पडला की सपाट शेते संपून भाताची खाचरे लागतात आणि डोंगरांच्या रांगा दोन्ही बाजूंनी जवळ येतात. घाटघरच्या पुढे थोड्याच अंतरावर जमीन एकाएकी संपते व समोर कोकणचा प्रदेश सहाशे-सातशे मीटर खाली पसरलेला दिसतो. लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनलेल्या काळ्या बसाल्ट खडकाची ही धार आहे. कड्याच्या या सलग भिंतीला एके ठिकाणी नैसर्गिक खिंड पडली आहे. तोच नाणेघाट होय. खिंडीच्या बाजूस उभा असलेला, पश्चिमेकडे झुकलेला सुळका 'नानाचा अंगठा' या नावाने ओळखला जातो.

ही धार म्हणजे एक मोठा जलविभाजक आहे. कड्याच्या पश्चिम अंगावर पडलेले पावसाचे पाणी कोकणातील ओढ्यांवाटे उल्हास नदीच्या खोऱ्यात व तेथून अरबी समुद्रास मिळते. त्याच कड्याच्या पूर्वेस पडलेले पाणी कुकडीतून घोड नदीस, घोडेतून भीमेस, भीमेतून कृष्णेस आणि अखेरीस बंगालच्या उपसागरास जाते. नैर्ऋत्य मोसमी वारे प्रथम या कड्यावर आदळत असल्याने येथे पावसाचा जोर अतिशय असतो. कड्यावरून कोसळणारे प्रवाह वाऱ्याच्या रेट्याने पुन्हा वर उडवले जातात, ते याचमुळे. याउलट पूर्वेस जुन्नरकडे जावे तसे पावसाचे मान झपाट्याने उतरत जाते व शिरूरच्या बाजूस तर कोरडवाहू मुलूख लागतो. इतक्या थोड्या अंतरात पर्जन्यमानात पडणारा हा फरक येथील सर्व अर्थव्यवहाराच्या मुळाशी आहे. कोकणातील मीठ, मासळी, नारळ आणि समुद्रमार्गे येणारा माल वर चढावा, देशावरचे धान्य व कापड खाली उतरावे, ही देवघेव दोन भिन्न प्रदेशांच्या गरजांतूनच जन्मास आली आणि खिंड ही तिची वाट ठरली.

घाटमार्ग आणि त्याचा पुरावा

नाणेघाटाची वाट कोकणाच्या बाजूने मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून चढू लागते. चढणीवर जागोजागी खडकात खोदलेल्या पायऱ्या, फरसबंदी व पाण्याची टाकी आहेत. माथ्याजवळ वाट दोन उभ्या कातळभिंतींमधील अरुंद बोळातून वर येते. या बोळाच्या तोंडाशी, पश्चिमेकडे तोंड करून, एक चौरस आकाराचे लेणे खोदलेले आहे. त्यात मूर्ती नाही, स्तूप नाही, भिक्षूंच्या निवासाच्या कोठड्याही नाहीत. तिन्ही बाजूंना बसण्यासाठी दगडी ओटा असून डाव्या व उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेला दीर्घ लेख आहे. मागील भिंतीवर एकेकाळी आठ प्रतिमा उठावात कोरलेल्या होत्या. आज त्यांच्या पावलांच्या अस्पष्ट खुणा व काहींच्या डोक्यावर कोरलेली नावे एवढेच शिल्लक आहे.

१८२८ मध्ये विल्यम साइक्स याने या लेण्याकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष प्रथम वेधले. त्यातील लेखांचा पद्धतशीर अभ्यास पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केला आणि पुढे १८८३ मध्ये ब्यूलर यांनी पाठ व भाषांतर प्रसिद्ध केले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीही सातवाहनांच्या इतिहासाच्या संदर्भात या लेखांचा विस्तृत ऊहापोह केला आहे. लेख ठिकठिकाणी खंडित असल्याने काही स्थळी मतभेद राहिले असले, तरी त्याचा मुख्य आशय निश्चित झालेला आहे. सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नागनिका ही या लेखातील प्रमुख व्यक्ती होय. ती 'महारठी' पदवी धारण करणाऱ्या घराण्यात जन्मली होती. राजाच्या पश्चात महिनोमहिने उपवास करीत, गृहात राहूनही तापसीचे जीवन जगणारी अशी तिची ओळख लेखात येते. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन केलेले आहे. त्यानंतर राजसूय, दोन अश्वमेध व इतर अनेक श्रौत यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची जंत्री येते. हजारो गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण नाणी यांचे आकडे तीत नोंदलेले आहेत. भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात या आकड्यांना मोठे महत्त्व आहे. मागील भिंतीवरील नावांत सातवाहन कुळाचा संस्थापक सिमुक, राणी नागनिका व सातकर्णी, काही राजकुमार आणि एक महारठी यांचा समावेश होतो. लेखाचा काळ सामान्यतः इसवी सनपूर्व दुसऱ्या किंवा पहिल्या शतकात धरला जातो.

राजकुलाच्या प्रतिमा आणि यज्ञांची एवढी मोठी नोंद राजधानीत वा एखाद्या तीर्थक्षेत्री न कोरता डोंगराच्या खिंडीत का कोरली गेली, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर एकच संभवते. जेथून सर्वांना जावे लागे, तेथे ती कोरली गेली. घाट चढून दमलेला व्यापारी या ओट्यावर विसावा घेई, तेव्हा आपण कोणाच्या राज्यात प्रवेश करीत आहोत हे त्याच्या समोरच्या भिंतीवर लिहिलेले असे. निर्जन जागी राजे आपली कीर्ती कोरून ठेवीत नाहीत. सातवाहनकाळी ही खिंड वर्दळीची होती, याचा हा लेण्यातच सापडणारा पुरावा होय.

या परिसरातील दोन छोटे लेख या दृष्टीने अधिकच बोलके आहेत. एका लेखात सोपाऱ्याच्या गोविंददासाने पाण्याचे टाके दान दिल्याचा उल्लेख आहे. दुसऱ्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णी या राजाच्या तेराव्या राज्यवर्षी दामघोष नावाच्या गृहस्थाने केलेल्या अशाच दानाची नोंद आहे. सोपारा हे समुद्रकाठचे बंदर. तेथील रहिवाशाने इतक्या दूरच्या खिंडीत पाण्याची सोय करावी, यावरून या वाटेवर त्याच्यासारख्यांचे जाणेयेणे किती नित्याचे असावे याची कल्पना येते. घाटाच्या पूर्वेकडील टोकाला असलेले जुन्नर हे या व्यापाराचे मोठे केंद्र होते. जुन्नरभोवतीच्या डोंगरांतील लेण्यांची संख्या दोनशेहून अधिक असून त्यांतील दानलेखांत यवन दात्यांची नावेही आढळतात.

माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेला कर या रांजणात टाकला जाई आणि त्यावरूनच 'नाणेघाट' हे नाव पडले, अशी परंपरा सर्वत्र सांगितली जाते. राजमार्गावर जकात घेतली जात असणे स्वाभाविक आहे. मात्र रांजणाचा उपयोग त्यासाठीच होत असे, असे सांगणारा लेखी पुरावा या स्थळी नाही. रांजणावर लेख नाही आणि त्याचा काळही स्वतंत्रपणे ठरवता येत नाही. तेव्हा ही परंपरा परंपरा म्हणूनच नमूद करणे योग्य होय.

व्यापाराची वाट राजकारणापासून कधीच मुक्त नसते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. एकेकाळी भरभराटीस असलेल्या या बंदरात राजकीय बदलामुळे ग्रीक जहाजांना अडथळा होऊ लागला आणि तेथे आलेली जहाजे पहाऱ्यात भडोचला पाठवली जात, असे तो ग्रंथकार लिहितो. बंदराला आलेल्या अशा अडचणीची झळ त्याला पठाराशी जोडणाऱ्या घाटवाटांना बसल्याशिवाय राहिली नसावी. घाटघरच्या इतिहासात पुढे पुन्हा एकदा असाच प्रसंग यावयाचा होता, फक्त तो अधिक कायमचा ठरला.

किल्ले आणि राखण

वाट असली की पहारा आलाच. जुन्नर ते नाणेघाट या टापूत शिवनेरी, हडसर, चावंड आणि जीवधन असे चार किल्ले आहेत. यांतील जीवधन हा घाटाच्या अगदी माथ्यावर, घाटघरच्या दक्षिणेस उभा आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने जुन्नरच्या आसपासचे किल्ले ताब्यात घेऊन आपल्या सत्तेचा पाया घातला. १५९४ च्या सुमारास बालवयीन बहादूर निजामशाह यास चावंडवर ठेवण्यात आले होते. १६३६ मध्ये शहाजीराजांनी मोगलांशी केलेल्या तहात जे किल्ले सोडून दिले, त्यांत जीवधनाचाही समावेश होता. राजघराण्यातील व्यक्तीस ठेवण्यास सुरक्षित आणि तहात मागून घेण्याइतके मोलाचे असे हे किल्ले होते. त्यांचे मोल केवळ उंचीमुळे नव्हते. खालच्या वाटेवर त्यांची नजर होती, यात ते होते.

या किल्ल्यांची व घाटांची प्रत्यक्ष राखण मात्र राजांनी वा सरदारांनी केली नाही. ती डोंगरात राहणाऱ्या लोकांनी केली. घाटघर व त्याच्या आसपासच्या गावांतील वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची आहे. सह्याद्रीच्या या पट्ट्यातील कोळी नाईकांकडे घाटांचा व किल्ल्यांचा बंदोबस्त परंपरेने सोपवलेला असे आणि त्याबद्दल त्यांना वेतन व हक्क मिळत. कॅप्टन मॅकिंटॉश याने १८३६ च्या सुमारास या समाजावर लिहिलेल्या दीर्घ वृत्तांतात त्यांच्या नाईकीच्या व्यवस्थेची माहिती दिली आहे. सतराव्या शतकात जुन्नरच्या मोगल अंमलाविरुद्ध कोळ्यांनी केलेल्या बंडाची व त्यांच्या शिरच्छेदाची आठवण शिवनेरीवरील 'कोळी चौथऱ्या'शी जोडली जाते. घाटाखालून गेलेल्या मालाची व जकातीची नोंद राजदरबारी होत असे. रात्री घाटात उभे राहणाऱ्याची नोंद मात्र त्याने बंड केल्यावरच झालेली दिसते.

वाट फिरली

१८१८ मध्ये पेशवाईच्या अखेरीबरोबर जुन्नर परिसरातील किल्ले इंग्रजांच्या हाती गेले. पुन्हा कोणी आश्रय घेऊ नये म्हणून किल्ल्यांच्या वाटा निकामी करण्याचे इंग्रजांचे धोरण होते. जीवधनावर जाणाऱ्या तुटलेल्या पायऱ्या त्याची साक्ष म्हणून दाखवल्या जातात. किल्ल्यांवरील शिबंदी कमी झाली आणि राखणदारांचे वेतन व हक्क आटले. सह्याद्रीच्या या पट्ट्यात एकामागून एक उठाव झाले, त्यांच्या मुळाशी हे कारण होते. १८३० च्या सुमारास रामजी भांगरे, पुढे राघोजी भांगरे आणि १८७३ ते १८७६ या काळात आंबेगाव भागातील जांभोरीचा होन्या केंगले यांची नावे या संदर्भात येतात. राघोजीस १८४८ मध्ये ठाणे येथे फाशी देण्यात आली. होन्याच्या उठावाचा रोख प्रामुख्याने सावकारांवर होता. वेतन गेलेल्या व जमिनी गहाण पडलेल्या डोंगरी कुटुंबांची स्थिती त्यावरून समजून येते.

याच शतकात दुसरा एक बदल गाजावाजा न होता घडला आणि त्याचा परिणाम अधिक दूरगामी ठरला. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये त्याच घाटातून व १८६५ मध्ये थळघाटातून लोहमार्ग सुरू झाला. नाणेघाट ही पायऱ्यांची वाट होती. तीवरून माणूस आणि पाठीवर ओझे घेतलेला बैल चढू शके. गाडीचे चाक चढू शकत नसे. जोवर सर्व माल बैलांच्या पाठीवरून जात होता, तोवर नाणेघाट इतर घाटांच्या बरोबरीचा होता. मालवाहतूक चाकावर आली, त्या दिवशी त्याची बरोबरी संपली. पुढे कल्याणहून पठारावर येणारा मोटररस्ताही उत्तरेकडील माळशेज घाटातून काढण्यात आला. आता वैशाखऱ्यापर्यंत येणारी वाहने नाणेघाटाच्या पायथ्यावरून तशीच पुढे निघून जातात.

घाटघर जागचे हलले नाही, कडा वाढला नाही आणि खिंडही बुजली नाही. तरीही दोन प्रदेशांच्या मध्यावर असलेले हे गाव एका तालुक्याच्या टोकाला येऊन पडले. पूर्वी त्याच्या पश्चिमेस कल्याण होते. आता त्याच्या पश्चिमेस केवळ कडा उरला. 'दुर्गम' हा शब्द या गावास लागू होतो तो या अर्थाने आणि या काळापासून.

गावाचे जीवन

वाट गेल्यावर गाव जमिनीवर व जंगलावर अवलंबून राहिले. पावसाळ्यात खाचरांतून भात आणि डोंगरउतारावर नाचणी व वरई ही येथील मुख्य पिके आहेत. याखेरीज रोख पैसा मिळवून देणारे उत्पन्न म्हणजे हिरडा. एकोणिसाव्या शतकात कातडी कमावण्यासाठी हिरड्याला परदेशातही मोठी मागणी होती. आज औषधी उपयोगाच्या कोवळ्या 'बाळहिरड्या'ला अधिक भाव असतो. उन्हाळ्याच्या दिवसांत घरातील लहानथोर सर्व माणसे तो गोळा करण्यात व वाळवण्यात गुंतलेली असतात. जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात कित्येक कुटुंबांचा वर्षाचा मीठमिरचीचा व कपड्यालत्त्याचा खर्च या एका झाडावर चालतो.

आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वाघबारसेस, महादेव कोळी समाजात वाघाची पूजा होते. गुरांचे रक्षण व्हावे ही त्यामागील भावना. वरसूबाई, कळसूबाई यांसारख्या डोंगरदेवतांवरही समाजाची श्रद्धा आहे. राज्ये बदलली, घाटाची वर्दळ थांबली, तरी देवतांचे हे जग डोंगराशीच बांधलेले राहिले.

पाण्याची गोष्ट मात्र येथे विपरीत आहे. या माथ्यावर पडणारा पाऊस कुकडीच्या खोऱ्यात उतरतो, जुन्नरजवळील माणिकडोह धरणात साठतो आणि कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांतून पूर्वेकडील कोरडवाहू तालुक्यांना मिळतो. तेथील ऊस व फळबागा त्यावर पिकतात. ज्या डोंगराळ भागात हा पाऊस पडतो, तेथे उताराच्या कातळावर पाणी ठरत नाही आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करण्याची पाळी येते. दोन हजार वर्षांपूर्वी सोपाऱ्याच्या गृहस्थाने याच डोंगरात टाके खोदवले, तेव्हा त्याला जी अडचण दिसली होती, ती आजही संपलेली नाही.

पाहण्याजोगी स्थळे

जुन्नरहून घाटघरकडे जाताना पूर गावी कुकडीच्या उगमाजवळ कुकडेश्वराचे प्राचीन शिवमंदिर लागते. शिखर नष्ट झाले असले, तरी स्तंभ व भिंतींवरील कोरीव काम लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. चावंड किल्ल्यावर खडकात खोदलेली सात टाकी 'सप्तमातृका' या नावाने ओळखली जातात. घाटघरहून जीवधनावर चढणारी वाट अवघड आहे. वर कातळात कोरलेला कल्याण दरवाजा आणि एकात एक दालने असलेली दगडी धान्यकोठी पाहावयास मिळते. १८१८ मध्ये कोठीतील धान्यास आग लागली व तिची राख आजही तेथे आहे, असे स्थानिक लोक सांगतात. किल्ल्याच्या पश्चिम कडेला 'वानरलिंगी' हा उंच, एकाकी सुळका उभा आहे. नाणेघाटाच्या माथ्यावरून खाली कोकणपट्टी आणि तिच्यात उतरत गेलेली जुनी वाट एकाच दृष्टिक्षेपात दिसते.

पावसाळ्यात उलटे उडणारे धबधबे पाहण्यास येथे मोठी गर्दी लोटते. येणाऱ्यांपैकी अनेक जण लेण्यात पाऊस चुकवण्यापुरते थांबतात. भिंतीवरील अक्षरे दर पावसाळ्याच्या ओलीने झिजत आहेत. प्रतिमा तर यापूर्वीच गेल्या. या लेखाचे मोल शिकवणारी अभ्यासकांची परंपरा दीर्घ आहे. परंतु त्याच्या जपणुकीत घाटघरच्या रहिवाशांना स्थान मिळाल्यावाचून ती जपणूक टिकाऊ होणे कठीण. घाटाची राखण करणे हा या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय होता. तो हक्क त्यांच्याकडून गेला, त्यानंतर घाटही कोणाचाच राहिला नाही.

समारोप

घाटघरच्या इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. डोंगरातील वस्तीचे जवळपण अगर दूरपण केवळ भूगोलाने ठरत नाही; व्यापाराचे साधन, सत्तेची गरज आणि वाटेची दिशा यांनी ते ठरते. ही तीन कारणे बदलली की राजमार्गावरचे गाव एका शतकात आडवाटेचे होते. सह्याद्रीच्या धारेवर अशी गावे अनेक आहेत. त्यांना मागास म्हणून बाजूस सारण्यापूर्वी त्यांच्या दारावरून एकेकाळी काय जात होते आणि ते कोणत्या कारणाने थांबले, याची चौकशी होणे अगत्याचे आहे. नाणेघाटाच्या भिंतीवर राणीने दिलेल्या गाईंचा व नाण्यांचा हिशोब आहे. घाट राखणाऱ्यांचा हिशोब तेथे नाही. तो किल्ल्यांच्या दप्तरांत, उठावांच्या कागदपत्रांत आणि गावाच्या स्मरणात विखुरलेला आहे. तो एकत्र आणणे हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांपुढील काम आहे.